एजंटाशिवाय होतं का?

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उजव्या पायाला पोलिओ, त्यामुळे कॅलिपर लावून काउंटरमागे बसलेली असते. दिव्यांगांच्या दाखल्याच्या आणि अनुदानाच्या कागदांची चौकशी आधी माझ्याकडे आणि मग आत, अशी रीतच पडून गेलीय. आधारची प्रत निघेपर्यंत आवाज खाली आणून लोक विचारतात, "ताई, खरं सांगा, एजंटाशिवाय होतं का?"

होतं. पण मीही एजंटाला दोन हजार मोजले होते, हे आधीच कबूल करते. २०२१ सालची गोष्ट. तेव्हा मी घरी फॉल-पिको करायचे. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला हजार रुपये मिळायचे, म्हणजे दोन महिन्यांचं अनुदान मी ते सुरू होण्याआधीच देऊन बसले. त्याने केलं काय, तर माझ्याच मोबाइलवर आलेला ओटीपी मलाच विचारून ऑनलाइन फॉर्म भरला. आधारवर माझं माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, हे काही त्याच्या नजरेला पडलं नाही. त्रुटी लागून अर्ज परत आला, तेव्हा गड्याचा फोन बंद.

लोकांना वाटतं, अपंगत्वाचा दाखला हातात पडला की पैसे सुरू. तसं नाही, उंबरे दोन आहेत. अपंगत्व किती, ते दवाखाना सांगतो. घरात येतं किती, ते तहसील बघते. दवाखान्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि बोर्डाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीच्या, दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं. बोर्ड रोज नसतो. डोळ्यांचा वार वेगळा, हाडांचा वेगळा. डोळ्यांच्या दिवशी पाय घेऊन गेलात तर एसटीचं भाडं पाण्यात.

माझ्या तपासणीचं सांगते. डॉक्टरांनी कॅलिपर काढायला लावलं आणि शिंप्यासारखी टेप लावली, कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत. आधी डावा पाय, मग उजवा. मग तळव्याला हात टेकवून म्हणाले, "ढकला." सासूबाईंनी घरून निघताना बजावलं होतं, जोर लावू नकोस गं, टक्के कमी होतील. पण तो हात समोर आला आणि मी दात-ओठ खाऊन ढकललं. शाळेत असताना कुणी "तुला जमणार नाही" म्हटलं की मी मुद्दाम उठायचे, ती खोड अशी जाते होय? बाहेर बाकावर येऊन पट्टे आवळताना स्वतःचाच राग आला. पुढे दाखल्यावर ५५ टक्के आले. जोर लावला नसता तर किती आले असते, हे सासूबाई अजून विचारतात.

खरी रेघ ४० टक्क्यांची. त्याच्या खाली दाखला मिळतो, पण बहुतेक योजनांचं दार बंद. आणि दोन अपंगत्वं असली तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. एका गिऱ्हाइकाचं कानाचं ३० आणि पायाचं २० होतं. तो ५० धरून बसला होता, दाखल्यावर आले ४३. भांडायला निघाला होता. म्हटलं, दादा, हिशेबाची रीतच तशी आहे, आणि तुम्ही रेघेच्या वर आहात, गप घरी जा.

हातपाय धड दिसतात म्हणून अर्जच न करणारेही खूप. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, सगळं त्यात येतं.

तहसिलीत मात्र धीर लागतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं, तसा तहसीलदारांचा दाखला हवा, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास हवा. मग अर्ज समितीपुढे जातो. ती बैठक कधी लागेल ते एजंटाच्या हातात नसतं, पण ती लागली की "माझ्यामुळे लागली" म्हणायला तो हजर असतो. माझा दुसरा अर्ज मीच भरला, मंजूरही झाला. २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले. पुढे दुकान बरं चालायला लागलं, उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं आणि अनुदान थांबलं. त्याबद्दल तक्रार नाही. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते अडीच हजार झालं तेव्हा मात्र जरा हळहळले, खोटं कशाला बोलू? पिवळं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आहेच, एसटीत ७५ टक्के सवलत त्यावर मिळते.

परवा एक आजोबा नातवाला घेऊन आले. एजंटाला द्यायचे पैसे वरच्या खिशात, वर सेफ्टी पिन. मी आधार आणि रेशनकार्ड काचेवर शेजारी शेजारी ठेवलं आणि नातवालाच मोठ्याने वाचायला लावलं. एकावर दत्तू, दुसऱ्यावर दत्तात्रय. म्हटलं, आजोबा, आधी हे एक करून आणा, मग फॉर्म मी दाखवते कसा भरायचा. आजोबांनी पिन काढली, झेरॉक्सचे सहा रुपये दिले आणि पुन्हा लावली.