ट्रंकेच्या झाकणावरच्या तारखा

ढोलक ठेवायला माझ्याकडे पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. झाकण उघडलं की आतल्या बाजूला ऑइलपेंटनं रंगवलेल्या तारखा दिसतात. २२ जुलै, मुकेश. २५ जुलै, बाबूजी. ३१ जुलै, रफीसाब. ४ ऑगस्ट, किशोरदा. जन्माची तारीख पिवळ्या रंगात आणि जाण्याची पांढऱ्या. अक्षर आमच्या मामांचं. मामा दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि रात्री ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवायचे. मी दिवसा उद्यमनगरात विजेच्या मोटारी रिवाइंड करतो आणि रात्री त्यांचंच काम पुढं चालवतो.

झाकणावर वर्षभराच्या तारखा आहेत. २७ जूनला पंचम म्हणजे आर. डी. बर्मन, ८ सप्टेंबरला आशाताई, २८ सप्टेंबरला लतादीदी, २४ डिसेंबरला परत रफीसाब. पण मधली सगळी जागा खाल्लीय ती जुलैच्या शेवटानं आणि ऑगस्टच्या सुरुवातीनं. ऑर्केस्ट्रातल्या माणसाला हा पंधरवडा म्हणजे सुगी. एकामागून एक कार्यक्रम लागतात, कधी एकाच दिवशी दोन गावं करावी लागतात. आणि नेमका हाच पंधरवडा कोल्हापुरात पावसाचा असतो.

ढोलक वाजवणाऱ्याला पाऊस म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. हवेत ओल धरली की पान, म्हणजे ढोलकाचं चामडं, उतरतं. घरून चढवून नेलेली चाट, म्हणजे बारीक आवाजाची बाजू, हॉलवर पोचेपर्यंत ढिली पडते, थाप मारली तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखी वाजते. मग कड्या सरकवायच्या, दोरी ताणायची, स्टेजमागच्या हॅलोजनसमोर पान धरून शेकायचं. जास्त शेकलं तर फाटतं. हात मध्ये घालून बघायचा, हाताला सोसतंय तेवढीच ऊब द्यायची. दोन गाणी झाली की परत तेच. मला मुकेश, रफी, किशोर यांची आठवण निघाली की त्यांच्या आवाजाबरोबर तापलेल्या चामड्याचा वासही येतो.

मामांचा एक नियम होता. ज्याची तारीख, त्याचं निदान एक गाणं त्या दिवशी जसंच्या तसं वाजवायचं. बाकीच्या पंचवीस गाण्यांत चालवून घ्या, पण ते एक रेकॉर्डवर आहे तसंच आलं पाहिजे. ठेका तोच, जिथं रेकॉर्डवर ढोलक थांबलाय तिथं आपणही थांबायचं, जिथं एक मात्रा मोकळी सोडलीय तिथं आपली बोटं शिवशिवली तरी सोडायची. "हार फोटोला कुणीबी घालतंय बाळ," ते म्हणायचे, "आपण वाजवणारी माणसं. आपण वाजवून दाखवायचं."

मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांनी मला पहिल्यांदा २२ जुलैला बसवलं. गाणं होतं १९५८च्या 'परवरिश'मधलं 'आँसू भरी हैं'. मला वाटलं, हे काय अवघड? संथ गाणं, साधा आठ मात्रांचा केरवा. मामांनी कॅसेट लावली आणि म्हणाले, मुकेशकडं लक्ष देऊ नको, खाली काय चाललंय ते ऐक. त्या सिनेमाचे संगीतकार दत्ताराम वाडकर. गोव्याचा माणूस, शंकर-जयकिशन यांचा सहायक, आणि मुळात स्वतः ताल धरणारा. आजही कुठल्याही ऑर्केस्ट्रात 'दत्ताराम ठेका' म्हटलं की ढोलकवाल्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. संगीतकार म्हणून मोजकेच सिनेमे मिळालेल्या माणसाचं नाव अख्ख्या हिंदी गाण्यात एका ठेक्याला कायमचं चिकटलं. यापेक्षा मोठा मान मला माहीत नाही. तेव्हा मामांनी मला आठ दिवस फक्त बायाँ, म्हणजे डाव्या हाताची बाजू, वाजवायला लावला होता. उजवा हात मांडीखाली दाबून बसायचो. मुकेशचं गाणं सोपं वाटतं कारण वाजवणाऱ्यांनी त्याच्याभोवती जागा मोकळी ठेवलीय, हे आठव्या दिवशी हाताला कळलं.

मुकेशचा जन्म १९२३चा, दिल्लीतला. २७ ऑगस्ट १९७६ला तो अमेरिकेत डेट्रॉइटला गेला, लतादीदींबरोबर कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना. झाकणावर ती तारीखही आहे, पण तोवर आमचा हंगाम ओसरलेला असतो. गणपतीची धांदल सुरू होते आणि २७ ऑगस्टला मुकेश म्हणून कुणी बोलवत नाही. मी घरीच वाजवतो.

बाबूजींचं मात्र वेगळं. सुधीर फडके आमच्या कोल्हापूरचे, २५ जुलै १९१९चा जन्म. मूळ नाव रामचंद्र. ज्या माणसानं पुढं १९५५ची रामनवमी ते १९५६ची रामनवमी असं वर्षभर पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' घराघरात पोचवलं, त्याचं पाळण्यातलं नाव राम असावं, हे मला लहानपणापासून फार मोठं वाटतं. गाणी खरं तर ५२च व्हायची होती, आठवड्याला एक. पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि ५६ झाली. चार गाणी पंचांगानं दिली म्हणायची. ती गाणी लिहिणारे गदिमाही १९१९चेच, १ ऑक्टोबरचे.

ढोलकाला बाबूजींच्या गाण्यात फार जागा नाही. तबला हवा, पखवाज हवा. पहिल्या वर्षी मी हिरमुसलो होतो. मामांनी 'फिरत्या चाकावरती' निवडलं, १९६१च्या 'प्रपंच'मधलं, आणि माझ्या हातात टाळ दिले. मी म्हणालो, मामा, मी टाळ वाजवायला आलोय का? ते रागावले नाहीत. म्हणाले, बाबूजी शब्द कसा टाकतात बघ, 'माती' म्हणताना माती दिसते. त्याच्या आड यायचं नाही एवढं जरी तुला आज जमलं तरी पुष्कळ झालं. मी सबंध गाणंभर टाळाची किणकिण बोटानं दाबत बसलो होतो. समोर पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते, आणि मला त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांची धास्ती वाटत होती. माझ्यामुळं ते उघडू नयेत एवढीच.

२००२ साली बाबूजी गेले ते २९ जुलैला, वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी. त्या संध्याकाळी मामांनी पांढऱ्या पेंटचा डबा उघडला. २५ आणि ३१च्या मध्ये जागा नव्हती. त्यांनी दोन्हींच्या मधल्या फटीत बारीक ब्रशनं २९ लिहिलं, इतकं बारीक की चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

आता रफीसाबांबद्दल लिहायचं, आणि इथं मला आवरतं घेता येणार नाही.

रफींच्या दोन तारखा आहेत आणि ढोलक वाजवणाऱ्याला त्या दोन वेगवेगळ्या वाद्यांसारख्या वाटतात. जन्म २४ डिसेंबर १९२४, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग गावातला. डिसेंबरात आमच्याकडं हवा कोरडी, चाट अशी कडक बोलते की मागच्या खुर्चीपर्यंत बोटाचा टणत्कार जावा. २०२४च्या डिसेंबरात त्यांची शंभरी झाली तेव्हा आम्ही तीन रात्री वाजवत होतो आणि एकदाही कडी सरकवावी लागली नाही. जाण्याची तारीख ३१ जुलै १९८०. त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा मुंबईत धो धो पाऊस होता आणि तरी रस्ते माणसांनी भरलेले होते. मामा तेव्हा मुंबईला गेले नव्हते. जावंसं वाटलं होतं, गाडीभाड्याला पैसे नव्हते, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. त्या वर्षापासून ३१ जुलैला ते वाजवायचे आणि मानधन घ्यायचे नाहीत. मीही घेत नाही.

३१ जुलैचं आमचं गाणं ठरलेलं आहे. 'नया दौर'मधलं, १९५७चं, ओ. पी. नय्यर यांचं, आशाताईंबरोबरचं 'उड़ें जब जब जुल्फें तेरी'. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात हे कसलं गाणं, असं आयोजक दर वर्षी विचारतात. त्यांना 'तू कहीं आसपास है दोस्त' हवं असतं, रफींच्या शेवटच्या रेकॉर्डिंगचं. तेही गातात आमचे गायक, गावंच. पण मामांचं म्हणणं होतं की ज्या माणसानं ढोलकाच्या अंगाला अंग लावून गायलं, त्याला ढोलकानंच निरोप द्यायचा.

त्या काळचं रेकॉर्डिंग कसं व्हायचं ते डोळ्यापुढं आणा. आजच्यासारखं ढोलक आज, व्हायोलिन उद्या, गाणारा परवा असं नाही. सगळे वादक, गायक, गायिका एका खोलीत, एकाच वेळी. शेवटच्या ओळीवर कुणाची थाप चुकली तर अख्खं गाणं पहिल्यापासून. म्हणजे 'उड़ें जब जब' मधली ढोलकाची प्रत्येक थाप रफींच्या श्वासाशेजारी पडलेली आहे. रफी ओळ संपवताना आवाज जरासा मागं खेचतात, तिथं ढोलक त्यांना ओढत नाही, थांबून घेतो आणि मग उचलतो. हे कागदावर लिहिता येत नाही, ऐकूनच हातात येतं. मला ती जागा यायला अकरा वर्षं लागली. बाराव्या वर्षी गाणं झाल्यावर मामांनी स्टेजवर माझ्या पाठीवर थाप मारली नाही की काही बोललेही नाहीत. घरी आल्यावर ट्रंक माझ्या खोलीत आणून ठेवली.

आता बरेच कार्यक्रम ट्रॅकवर होतात. पेन ड्राइव्ह लावायचा, गाणाऱ्यानं गायचं. हौशी माणसांना त्यामुळं गाता येतं, त्यात मला वाईट दिसत नाही. पण एका आयोजकांनी ३१ जुलैला मला फोन करून सांगितलं की यंदा ट्रॅक आहे, तुम्ही नुसतं बसा, ढोलक समोर ठेवा, फोटोत बरं दिसतं. मी गेलो नाही. त्या रात्री घरात बायकोनं मोबाइलवर ते गाणं लावलं आणि मी त्याच्यावर वाजवलं. नियम मोडला नाही.

रफींनी श्रीकांत ठाकरे यांच्याकडं मराठी गाणी गायली, 'शोधिसी मानवा', 'हा छंद जीवाला', ती आमच्या कार्यक्रमात असतातच. पंजाबातून आलेला माणूस ते मराठी इतकं जपून, जणू काचेचं भांडं उचलावं तसं म्हणतो, की आपण आपलीच भाषा किती हलगर्जीपणानं बोलतो याची जाणीव होते.

४ ऑगस्ट किशोरदांचा, १९२९, खंडवा. हा कार्यक्रम सगळ्यात हाऊसफुल्ल आणि वाजवायला सगळ्यात मजेचा, त्याबद्दल फार सांगत नाही. फक्त २०१९चं सांगतो. नव्वदावा वाढदिवस होता. त्याच्या आधी २५ जुलैला बाबूजींची शंभरी आम्ही दणक्यात केली होती. ४ तारखेला सकाळपासून फोन. पंचगंगा चढत होती, ४३ फुटांची धोक्याची पातळी मागं पडली होती, कार्यक्रम रद्द. आमचं घर शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला. म्हाताऱ्या आईला आणि पोरांना पाव्हण्यांकडं हलवलं, ट्रंक उचलून माळ्यावर ठेवली, आणि वाटलं की तिथवर काही पाणी येत नाही. आलं. आठवड्यानं परतलो तेव्हा ट्रंकेत चिखल होता. मामांचा ढोलक पाण्यानं फुगला होता. सावलीत वाळवला तरी खोडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. पानं कुजली. मी ट्रंक नळाखाली धरून धुतली, झाकण पुसलं. ऑइलपेंटचं एक अक्षर गेलं नव्हतं. फटीतलं ते २९सुद्धा.

मामा तोवर गेलेले होते. त्यांची तारीख मी झाकणावर लिहिलेली नाही, मला लक्षात आहे.

एक तारीख मात्र लिहिली. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. मी जेवून उठलो होतो, गाडी काढून खासबागेकडं गेलो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर, तेव्हाचं पॅलेस थिएटर. ज्या रंगमंचावर मी टाळ दाबत बसलो होतो तो जळत होता, छत खाली येत होतं. माझ्या आसपास नाटकवाले, गाणारे, लाइटवाले उभे होते, मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी रडत होती. कुणीतरी म्हणालं, उद्या वाढदिवस आहे रे त्यांचा. ९ ऑगस्ट. संगीत नाटकांतले गायक-नट, संगीतसूर्य केशवराव भोसले, जन्म १८९०, कोल्हापूर.

मामांच्या यादीत केशवराव नव्हते. त्यांची यादी सिनेमाच्या गाण्यांची. पण सिनेमा बोलायला लागण्याआधी लोकांच्या तोंडी असायची ती नाटकातलीच पदं. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून संयुक्त 'मानापमान' केलं, त्यात नायिका भामिनी बालगंधर्व आणि नायक धैर्यधर केशवराव. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय फक्त ३१.

मी पिवळा पेंट आणला. ४ ऑगस्टच्या खाली दोन बोटं जागा होती. माझं अक्षर मामांसारखं नाही, ९चा आकडा जरा खाली ओघळलाय. शेजारी पांढऱ्यानं ४ ऑक्टोबर लिहिलं.

लिहिलं म्हणजे नियम लागू झाला, आणि केशवरावांच्या पदाला ढोलक चालत नाही. म्हणून गेल्या वर्षीपासून रविवारी सकाळी मंगळवार पेठेत तबला शिकायला जातो. वर्गात बाकीची मुलं दहा-बारा वर्षांची आहेत. ढोलकावर तयार झालेला हात तबल्यावर जड पडतो, गुरुजी रोज बोट धरून उचलायला लावतात. धैर्यधराचं एक पद धरलंय. ९ ऑगस्टला घरीच, ट्रंक उघडी ठेवून वाजवेन. सध्या मुखडा येतो, अंतऱ्यात सम चुकते.