दोन मिनिटांचं झाकण

आज सांगलीत एका एमआरआयला द्रव हेलियम भरायचं काम होतं, त्यातलं चुंबक गार ठेवायला. कृष्णाकाठची ऑगस्टची हवा, भिंतींनाही घाम फुटावा अशी. सोबतचा पोरगा नवा.

"झाकण लावलंस का रे?"

"लावतो की सर, च्या घेऊन आलो."

परत येऊन बघतो तर ड्यूवरची, म्हणजे द्रव हेलियमच्या थर्मासारख्या टाकीची, मान उघडीच. ट्रान्सफरची नळी घातली, वीतभर खाली गेली आणि टेकली. बर्फ! खरं तर नुसता पाण्याचाही नव्हे. आत उणे २६९ अंश सेल्सिअस. तिथं हवेतला नायट्रोजन नि ऑक्सिजनसुद्धा गोठून दगड होतो. तोच बूच होऊन बसतो. खाली हेलियम उकळतच असतं, एका लिटरचा सातशेच्या वर लिटर वायू. वाट बंद झाली की तो जाणार कुठं?

पोरगं नळी दाबायला निघालं होतं. हात धरला. आधी गेज बघितला, सेफ्टी व्हॉल्व्हची वाट मोकळी आहे ना ते बघितलं, माणसं बाहेर काढली, दारं उघडली. मग तांब्याच्या नळीतून कोमट हेलियम वायू हळूहळू सोडत बसलो. पाऊण तास! शेवटी 'फुस्स' झालं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

पुढचं काम नेहमीचंच: नळी कोरडी पुसली, हेलियमनं आतली हवा हाकलली, मगच आत. ड्यूवरमध्ये बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवला, म्हणजे हवा आत शिरत नाही.

झाकण सापडलं पोराच्या खिशात, भडंगाच्या पुडीखाली. चहा तर कधीच गार झाला होता.