तुम्ही विचारलंत म्हणून: शहराच्या विकास आराखड्यावरच्या सुनावणीत सगळं आधीच ठरलेलं असतं का?

मी काय काम केलं ते कळलं की हा प्रश्न येतोच. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "एवढी चिडलेली माणसं आवरता कशी हो?" माझ्या लेखी दोन्हींचं उत्तर एकच आहे. माणूस चिडून आला तर त्याला सांभाळता येतं. आपलं बोलणं कुठे गेलं हे त्याला दिसेनासं झालं, की मग काही खरं नाही.

महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठल्या जागेवर काय व्हायचं याचा कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत हरकती-सूचना देता येतात. त्या ऐकायला १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम २८ खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. त्या चारांतली मी एक होते. समिती फक्त अहवाल देते, आराखड्याला मंजुरी सरकारची. म्हणून "बघतो, करून देऊ" हे वाक्य आमच्या बाजूने कधीही निघता कामा नये. ते आमच्या हातात नसतं, आणि त्याने ज्याचं नुकसान होणार तो कदाचित अजून टोकन घेऊन बाहेर बाकावर बसलेला असतो.

पहिल्या दिवशी आम्हीच घोळ घातला. भाग नकाशा टेबलावर पसरलेला, तोंड आमच्याकडे. समोरचा माणूस आपला सर्व्हे नंबर उलट्या नकाशात शोधतोय आणि मागून शिपाई म्हणतोय, "चला, आटपा." चौथ्या माणसाचा आवाज चढला तो याच्यामुळे. जेवणाच्या सुट्टीत नकाशा भिंतीवर लावला. आधी आपली जागा पेन्सिलने गोल करा, मग बोला, असं ठरवलं. दुपारी गोंगाट निम्म्यावर आला.

बाकी नियम साधेच. प्रत्येकाला पाच मिनिटं, वकील आणला तरी पाचच. एकाच मजकुराच्या छापील हरकती गठ्ठ्याने येतात, त्या "सगळं तेच आहे" म्हणून बाजूला सारायच्या नाहीत. त्यात एखादा गट नंबर वेगळा निघतो. समितीतल्या कोणाच्या मेव्हण्याची जागा असेल तर त्याने तेवढा वेळ बाहेर जावं. आमच्यातले एक सदस्य कोणी न सांगता उठून गेले होते. (एरवी आमचं कधी पटलं नाही, पण हे मात्र मानलं.)

मला खरं सांगायचंय ते नोंदीबद्दल. एक आजोबा आले होते, शेतावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलेलं, म्हणजे आराखड्यात ती जमीन मैदानासाठी राखून ठेवलेली. त्यांनी वाटणीपासून सुरुवात केली. मग थोरल्या भावाचं आजारपण, मग विहीर कोणी खणली ते. मी घड्याळाकडे पाहिलं, लपवत नाही. कारकुनाने लिहिलं, "हरकतदाराने आरक्षण रद्द करण्याची विनंती केली." लिहिलेलं लगेच वाचून दाखवायचं असा आमचा रिवाज होता. आजोबा ताडकन म्हणाले, "रद्द कुठं म्हटलं मी? पोरांना खेळायला जागा हवीच की. विहिरीपासून सरकवा म्हटलं."

नकाशात विहीर नव्हतीच. आजोबांनी बोट ठेवलं तिथे पेन्सिलची फुली पडली, आधीची ओळ खोडून नवी लिहिली, सही झाली, प्रत त्यांच्या हातात दिली. त्या सगळ्या कहाणीत कामाचा शब्द एकच होता, आणि तो माझ्या कानावरून गेला होता.

मैदान सरकलं का, हेही लोक विचारतात. जागेवर पाहणी करायला लावली, विहीर निघाली. पण सरकवायचं तर शेजारच्या गटात. त्या मालकाने हरकत घेतलीच नव्हती. तोवर त्याच्या जमिनीवर काही नव्हतं, तो कशाला घेईल? मग त्याला नोटीस काढून बोलावलं. चांगलाच चिडून आला. त्याच्याही हातात पेन्सिल दिली.