चाफ्याला पाणी कमी

कोथरूड, रविवार, ४ जानेवारी

आज सकाळी अंगणातल्या नळाचे पाणी हाताला झोंबत होते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. त्या मानाने यंदाची थंडी म्हणजे कपाटातली शाल बाहेर काढायला एक निमित्त. झाडे गोणपाटाने झाकण्याचा खटाटोप मी कधी केलेला नाही आणि थंडीने माझे एकही झाड गेलेले नाही. जे गेले ते माझ्या हातच्या पाण्याने गेले.

मागच्या हिवाळ्यात कुंडीतल्या पांढऱ्या चाफ्याची पाने गळाली, तेव्हा ते उघडे खोड पाहून मला झाडाची दया आली आणि मी त्याला रोज एक तांब्या जास्त घालू लागलो. पाने नसलेले झाड पाणी जवळजवळ ओढतच नाही, म्हणून ते सगळे मुळांशी साचत राहते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण रिकामे खोड समोर दिसले की हात आपोआप तांब्याकडे जातो. फेब्रुवारीत बुंध्यावर अंगठा दाबला, तर तो पिकल्या केळ्यात रुतावा तसा आत गेला. आतला गाभा तपकिरी पडला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. वरची एक फांदी तेवढी टणक होती. ती कापली, चीक आटेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवली आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचली. तीच आज खिडकीखाली उघडीबोडकी उभी आहे, आणि या खेपेस तिला पंधरा दिवसांतून एकदाच पाणी मिळते.

शेवंती आणि पिटुनिया यांचे मात्र हेच फुलण्याचे दिवस, त्यामुळे त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. दोन पेरे बोट मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी, तेही ऊन वर आल्यावर. दुपारची हवा इतकी कोरडी असते की लहान कुंड्या एका दिवसात सुकतात आणि शेजारची मोठी कुंडी चार दिवस ओलीच राहते. सगळ्यांना एका मापाने पाणी घालणाऱ्या आमच्या माळीबुवांना हे पटवणे मी सोडून दिले आहे. जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसला. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारले.

आंब्याला मोहोर आला आहे. फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत त्याच्या आळ्यात पाणी सोडायचे नाही, एवढे पथ्य मी पाळतो.

बदामाची लालभडक पाने अंगणभर पडली होती. गल्लीच्या टोकाला कोणीतरी पाचोळा पेटवला होता आणि तो धूर थंड, जड हवेत गुडघाभर उंचीवर तसाच लोंबकळत राहिला. मी माझी पाने भोके पाडलेल्या पिंपात दाबून भरली आणि वर शेणकाला शिंपडला.

मोगऱ्याची छाटणीही आजच उरकायची होती. ती झाली की काही दिवस पाणी तोडायचे आणि मग शेणखत घालायचे, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या धरतात. पण कात्रीला धार नव्हती, म्हणून मोगरा पुढच्या रविवारवर गेला.