मागच्या दोघी

सोमवार, रात्र

क्लिओथा आणि इव्हॉन या दोन बहिणींविषयी लिहायचं कधीचं मनात आहे. स्टेपल सिंगर्स हा अमेरिकेतल्या एका काळ्या कुटुंबाचा गाणारा गट. त्यांचं नाव निघालं की सगळे या दोघींच्या बहिणीचं, मेव्हिसचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. असा खोल, घोगरा, पोटातून उठणारा आवाज क्वचितच एखाद्या गळ्यात असतो. तिच्यानंतर नाव निघतं वडिलांचं, रोबक स्टेपल्स यांचं, ज्यांना सगळे पॉप्स म्हणायचे. पण मी भजनी मंडळात मागच्या रांगेत बसून साथ करणारी बाई आहे. पुढे गाणाऱ्या ताईंनी ओळ सोडली की ती आम्ही उचलायची, चाल पडू द्यायची नाही, त्यांच्या वर जायचं नाही. या सवयीमुळे कुठलंही गाणं ऐकताना माझा कान आधी मागे जातो. स्टेपल्सच्या घरच्या गाण्यात मागे जे चाललेलं असतं ते एकदा ऐकू यायला लागलं की तिथून हलवत नाही.

पॉप्स २८ डिसेंबर १९१४ ला मिसिसिपी राज्यातल्या विनोना गावी जन्मले आणि डॉकरीच्या कापसाच्या मळ्यावर वाढले. त्याच मळ्यावर चार्ली पॅटन गिटार वाजवायचा, ब्लूज गायचा. पोरवयातल्या पॉप्सनी ते वाजवणं कानात भरून घेतलं. घरी मात्र देवाची गाणी. भावंडं मिळून गायची, आणि कुणी कुठला सूर धरायचा हे ज्याचं त्याला ठाऊक असायचं. १९३६ च्या सुमारास मळा सोडून ते बायको ओसिओला आणि लहान लेकरांसह शिकागोला आले. कत्तलखान्यात राबले, पोलाद कारखान्यात राबले. गिटार कित्येक वर्षं हातात नव्हती. मग गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली घेतली.

त्या काळात ते पुरुषांच्या एका गॉस्पेल गटात, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या गटात गायचे. तालमीला सगळे कधी वेळेवर येतच नसत. एका संध्याकाळी वैतागून पॉप्स घरी आले, पोरांना जमिनीवर गोल बसवलं आणि एकेकाला एकेक सूर दिला: तू हा धर, तू हा. आपण आपल्या भावंडांबरोबर मिसिसिपीत जसं गायचो तसंच्या तसं. पहिलं गाणं शिकवलं ते 'विल द सर्कल बी अनब्रोकन', जवळचं माणूस गेल्यावर कुटुंबाचं रिंगण परत जुळेल का असं विचारणारं. १९४८ साली नात्यातल्या एका बाईंच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायले. लोकांनी पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा असा आग्रह धरला, आणि पोरांना पूर्ण येत होतं ते हेच गाणं, म्हणून तेच परत म्हटलं.

ही तालीम मला फार महत्त्वाची वाटते. पुढे मोठमोठ्या स्टुडिओंतून गायले तरी सुरांची वाटणी तीच राहिली, दिवाणखान्यातल्या जमिनीवर बसून ठरलेली. बाहेरून जमवलेले गायक कितीही तयारीचे असोत, त्यांना एकमेकांचा श्वास कुठे तुटणार हे शिकावं लागतं. या पोरांना ते शिकावं लागलं नाही. एकाच घरात झोपणारी, एकाच ताटाभोवती भांडणारी मुलं होती ती.


मंगळवार

आज 'अनक्लाउडी डे' पुन्हा ऐकलं. १९५६ चं ध्वनिमुद्रण, व्ही-जे कंपनीचं. आधी फक्त पॉप्सची गिटार, पाण्यावरच्या उजेडासारखी थरथरणारी. ही थरथर ते अॅम्प्लिफायरमधून काढायचे आणि तीच त्यांची खूण झाली. मग चौघांचे आवाज एकत्र येतात, अगदी सावकाश. कुणीही घाई करत नाही. आणि मग मेव्हिस. सतरा वर्षांची मुलगी, पण रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटायचं की हा एखादा बाप्या गातोय नाहीतर पोक्त, दांडगी बाई असणार. प्रत्यक्षात ती एवढीशी पोर स्टेजवर उभी राहिली की लोकांचा विश्वास बसत नसे, पैजा लागायच्या.

मेव्हिसला मुख्य आवाज व्हायचंच नव्हतं, ही गोष्ट मला फार आवडते. खालच्या सुरात मागे राहून साथ करणं तिला सुखाचं वाटायचं. भाऊ पर्विस आधी पुढे गायचा. त्याचा आवाज फुटला आणि वडिलांनी तिला पुढे केलं. ती नको नको म्हणत होती. म्हणजे जिला आपण आज इतकी थोर गायिका मानतो ती मनानं मागच्या रांगेतली. म्हणूनच ती पुढे गातानाही मागचं ऐकत असते असं मला ठामपणे वाटतं. तिच्या ओळींमध्ये मोकळ्या जागा असतात. कुणीतरी उत्तर देणार आहे हे धरून ती गाते.

क्लिओथा सगळ्यांत थोरली, १९३४ ची. तिचा सूर सगळ्यांच्या वर, पातळ आणि किंचित नाकातला, तारेवर बोट घासल्यासारखा. तो काढून घेतला तर मेव्हिसचा आवाज जमिनीलाच लागून राहील. मागच्या आवाजांत गोडवा सगळेच आणतात, क्लिओथा त्यात धार आणते.

पॉप्सनी एक पथ्य पाळलं: मुलांची शाळा बुडवायची नाही. कार्यक्रम असायचे ते शनिवार-रविवारी. १९५७ ला मेव्हिस हायस्कूल पास झाली, तेव्हा कुठे त्यांनी कारखान्याची नोकरी सोडली आणि घर रस्त्यावर निघालं.


गुरुवार, मध्यरात्र होत आली

त्या रस्त्यांविषयी आज वाचत बसले होते. दक्षिणेत काळ्या कुटुंबाला हॉटेलात खोली मिळत नसे, खानावळीत पुढच्या दारानं जाता येत नसे. १९६४ साली कार्यक्रम आटोपून रात्री परतताना आर्कान्सामधल्या वेस्ट मेम्फिसला पेट्रोल भरायला थांबले. गाडी मेव्हिस चालवत होती. पावती मागितल्यावरून पंपावरच्या गोऱ्या पोरानं अरेरावी केली, पॉप्सचा त्याच्याशी झगडा झाला, आणि थोड्या वेळात पोलिसांनी गाडी अडवून सगळ्यांना हातकड्या घातल्या. चौकीत नेल्यावर हे कोण ते कळलं आणि सुटका झाली. बापाच्या डोळ्यांसमोर मुलींच्या हातात बेड्या. ही माणसं पुढच्या गावी जाऊन परत प्रेमाची आणि धीराची गाणी गात होती. मला हे नुसतं लिहितानाही जड जातंय.

पॉप्स एका रविवारी माँटगोमेरीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चर्चमध्ये जाऊन बसले होते. प्रवचन ऐकलं, हॉटेलवर आल्यावर मुलांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं की हा माणूस जे प्रवचनातून सांगतो ते आपल्याला गाण्यातून सांगता येईल. तिथून त्यांची गाणी काळ्यांच्या समान हक्कांच्या चळवळीची झाली. लिटल रॉकच्या शाळेत १९५७ साली नऊ काळ्या मुलांना प्रवेश नाकारला गेला, त्यावरून पॉप्सनी 'व्हाय अॅम आय ट्रीटेड सो बॅड' रचलं. किंगना हे गाणं फार प्रिय होतं. सभेआधी ते पॉप्सना विचारायचे, आज माझं गाणं म्हणणार ना? मार्च १९६५ मध्ये अलाबामात काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला आणि त्यावरचं 'फ्रीडम हायवे' एप्रिलमध्ये शिकागोच्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये लोकांसमोर गाऊन ध्वनिमुद्रित झालं. त्या रेकॉर्डमध्ये चर्चमधल्या लोकांच्या टाळ्या आणि हुंकार सतत आहेत. मला ती सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिथे गाणारे आणि ऐकणारे वेगळे काढता येत नाहीत.

किंग १९५९ साली भारतात आले होते तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते. त्या घरातल्या गांधीजींच्या खोलीसमोर मी उभी राहिले आहे. तेव्हा हे गाणं मला माहीत नव्हतं. आता पुन्हा जाईन तेव्हा कानात तेच असेल.

बॉब डिलननं मेव्हिसला लग्नाची मागणी घातली होती, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात असते. मी तिच्यावर वेळ घालवत नाही.


शनिवार

सकाळपासून घरात 'आय विल टेक यू देअर'.

१९६८ ला हे कुटुंब मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत आलं. १९७० च्या आसपास पर्विस गटातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी इव्हॉन कायमची उभी राहिली. तो लष्करात होता तेव्हाही तिनंच जागा भरून काढली होती. तिला गायची हौस नव्हती. तिचं डोकं हिशेबात, करारांत, कोण किती वाजता कुठे पोचणार यात चालायचं. घराला गरज पडली म्हणून ती गायला उभी राहिली, आणि गाण्यातही तिचा सूर तसाच आहे, नेमून दिलेल्या जागेवर पक्का.

स्टॅक्सचे अल बेल यांनी या गटाला अलाबामातल्या मसल शोल्सला नेलं. तिथले वादक गोरे, खेड्यातले, आणि ताल मात्र असा की कुणालाही वाटावं हे शिकागोच्या काळ्या चर्चमध्ये वाढलेत. सेल्माचा पूल याच राज्यात. पोलिसांनी त्या पुलावर मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालवल्यानंतर सहा-सात वर्षांत हे कुटुंब त्याच राज्यात गोऱ्या मुलांबरोबर एका खोलीत बसून गाणं बसवत होतं. १९७१ ला 'रिस्पेक्ट युवरसेल्फ' आलं. १९७२ मध्ये 'आय विल टेक यू देअर' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

हे गाणं अल बेल यांना सुचलं ते भावाच्या अंत्यविधीला घरी गेले असताना. तो भाऊ गोळी लागून गेला होता. गाण्यात शब्द मोजकेच. एक कडवं होतं न होतं तोच मेव्हिस शब्द सोडून हुंकारात जाते, वादकांना साद घालते, सोलो चालू असताना 'डॅडी' म्हणून हाक मारते (तो गिटारचा तुकडा खरं तर एडी हिंटननं वाजवलाय, पण तिच्या तोंडी गिटार म्हटली की बापच येणार). आणि ती वाटेल तिकडे भटकत असताना मागून शीर्षकाची तेवढी ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. त्याच सुरात, त्याच वजनानं. आवाज चढत नाही, थकतही नाही. मी साथ करते म्हणून सांगते, हे अवघड काम आहे. पुढचं माणूस रंगात आलं की आपल्यालाही पाय सोडावेसे वाटतात. या बहिणी पाय सोडत नाहीत, म्हणून मेव्हिसला उडता येतं.

चर्चमधली काही माणसं तेव्हा रागावली. ताल असला की ते सैतानाचं गाणं, असं त्यांचं म्हणणं. मेव्हिस सांगत राहिली की गाण्याचे शब्द नीट ऐका, कुठे नेणार म्हणतोय ते ऐका. मी तिच्या बाजूची आहे. दिवाणखान्यात शिकलेल्या सुरांत त्यांनी काहीही बदललं नव्हतं, फक्त मागे ढोल वाजत होता. नाही म्हणायला, १९७५ ला एका चित्रपटासाठी संगीतकार कर्टिस मेफिल्डनं रचलेलं 'लेट्स डू इट अगेन' गाताना पॉप्स अडले होते. मी चर्चचा माणूस, असलं शृंगारिक गाणार नाही म्हणाले. मेफिल्डनं समजूत घातली. तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. मला ते गाणं गोड वाटतं, यापलीकडे काही नाही.

यशाच्या याच दिवसांत, १९७३ मध्ये, धाकट्या सिंथियानं आयुष्य संपवलं. ती गटात नव्हती. सगळं घर गावोगाव फिरत असताना ती आईबरोबर शिकागोत असायची. रिंगण जुळेल का हे विचारणाऱ्या गाण्यानं ज्यांनी सुरुवात केली त्यांच्या घरी हे घडावं. यावर मला काही लिहिता येत नाही.

संध्याकाळी 'द लास्ट वॉल्ट्झ' चित्रपटातलं 'द वेट' पाहिलं. द बँड या गटाबरोबर चौघं गातात, पॉप्स आणि तिन्ही बहिणी. मेव्हिस एक कडवं घेते आणि पडदा पेटतो. पॉप्स पुढचं कडवं इतकं हलकं म्हणतात की जणू शेजारी बसून कानात सांगताहेत. पण मी मागच्या दोघींकडे बघत होते. सूर लागायच्या आधी त्या एकमेकींकडे पाहतही नाहीत. सगळे सूर एकामागून एक चढत जातात आणि शेवटी एकत्र मिटतात, तिथे गाणं संपताना मेव्हिसच्या तोंडून अगदी हळू 'ब्यूटिफुल' असा शब्द निसटतो. तो कुणासाठी होता ते मी तरी धरून चालते: मागच्यांसाठी.

पॉप्स १९ डिसेंबर २००० ला गेले. मेव्हिस खचली, गाणं बंद झालं, घरातून बाहेर पडेना. तेव्हा तिला उठवलं ते इव्हॉननं. लाड केले नाहीत, झापलं: बाबांना तू गायला हवी आहेस, ऊठ. मग पदरचे पैसे घालून मेव्हिसनं नवी रेकॉर्ड केली, ती २००४ साली आली, आणि पुढची सगळी वर्षं इव्हॉन तिच्या मागे उभी राहून गात राहिली, व्यवहार बघत राहिली. क्लिओथाला तोवर स्मृतिभ्रंशानं गाठलं होतं. ती २०१३ ला गेली, इव्हॉन २०१८ ला, पर्विस २०२१ ला.

मेव्हिसला २०१६ चा केनेडी सेंटर सन्मान मिळाला तेव्हा मला आनंद झालाच. पण त्याहून मोठा मान मी १९९९ चा मानते. त्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये अख्ख्या गटाला घेतलं, पॉप्स हयात असताना, आणि नोंदीत पाचही नावं आहेत. क्लिओथा, पर्विस आणि इव्हॉन ही नावं तिथे मेव्हिसच्या बरोबरीनं लिहिलेली आहेत.