कायमचा पत्ता

गेल्या महिन्यात इंदूरच्या आमच्या घराच्या वरच्या खोलीसाठी एक मुलगी आली, सोबत पत्र्याची पेटी आणि प्लास्टिकच्या फायलीत जपून लावलेली कागदपत्रे. भाडेकरार भरताना ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी तिचे पेन थांबले, कारण ज्या बालगृहात ती वाढली, तो पत्ता अठरा वर्षे पूर्ण होताच तिचा राहिला नव्हता.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 नुसार अशा मुलांना संस्था सोडताना आर्थिक साहाय्य देता येते, आणि या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, मर्यादा साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. मध्य प्रदेशातही अशा मुलांना आधार देणारी मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना 2022 पासून आहे. इंग्लंडमध्ये मात्र ही जबाबदारी स्थानिक कौन्सिलची असते, आणि 2017 च्या कायद्यानंतर पंचवीस वर्षांचे होईपर्यंत या तरुणांना कौन्सिलकडून व्यक्तिगत सल्लागार मागता येतो.

मला पैशापेक्षा हा सल्लागार मोलाचा वाटतो. बँकेत खाते कसे चालवावे, अनामत रक्कम परत कशी मागावी, ताप आल्यावर कोणाला फोन करावा, हे घरातली मुले नकळत शिकतात. या मुलीला ते एका दिवसात यावे, अशी आपली अपेक्षा असते. आपल्या नगर निगमाने प्रत्येक झोनमध्ये असा एक माणूस नेमावा, असे मला मनापासून वाटते.

त्या रकान्यात शेवटी आमच्याच घराचा पत्ता लिहिला. तिने तो दोनदा वाचला आणि मग सही केली.