तुम्ही विचारलेत म्हणून : एवढ्या माणसांना चीज परवडते कसे?

जळगावात आमच्याकडे वाढदिवसाला किंवा सुटीत जमलेल्या भाचरांच्या जेवणाला येऊन गेलेल्या बहुतेक सुना आणि शेजारणी निघताना एक प्रश्न हमखास विचारतात, "काकू, एवढ्या माणसांना चीजचे पदार्थ तुम्हाला परवडतात कसे?" या प्रश्नाला ओट्याजवळ उभ्याउभ्या अर्धेमुर्धे उत्तर देऊन माझे समाधान होत नाही, म्हणून ते येथे नीट लिहून ठेवते.

चीजकडून पोट भरण्याची अपेक्षा ठेवली की ते महागच पडते. वरणभातावर आपण तूप वाढतो तेवढ्याच बेताने आणि तेवढ्याच नेमकेपणाने ते वापरावे. पोट भरण्याचे काम ज्वारी, कच्ची केळी, दूध आणि हंगामातल्या भाज्या या आपल्याकडच्या मुबलक जिनसांवर सोपवावे, आणि घास तोंडात जाताच जे प्रथम जिभेला लागते तेथे चीज ठेवावे. हे एकदा पक्के ठरवले की खर्च निम्म्यावर येतो आणि खाणाऱ्याला चीज कमी पडले असे वाटतही नाही.

आता कोणते चीज घ्यावे, हा प्रश्न. घरात दोन पुरतात. पहिले प्रोसेस्ड चीज, म्हणजे आपल्या ओळखीच्या क्यूब. त्यात खारटपणा आणि चव अधिक असते आणि स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर क्षार घातलेले असल्यामुळे ते वितळताना सहसा तूप सोडत नाही. दुसरे मोझरेला, ते बनवताना दुधाचा साका गरम पाण्यात ताणून मळतात, त्यामुळे त्याला तारा सुटतात, पण चवीला ते सौम्य आणि कमी खारट असते. मुलांना तारा हव्या असतात आणि मोठ्यांना चव, म्हणून पिझ्झासारख्या पदार्थासाठी मी दोन्ही निम्मे-निम्मे किसून एकत्र करते. पनीर स्वस्त पडते म्हणून त्याच्यावर चीजचे काम लादू नये. ते आंबट घालून फाडलेल्या दुधाचे असल्याने आचेवर मऊ होते, पण वितळत नाही. सुटे किंवा अगदी स्वस्त मिळणारे 'पिझ्झा चीज' घेण्याआधी पाकिटावरची घटकांची यादी अवश्य वाचावी. तिच्यात पाम तेल किंवा वनस्पती चरबी लिहिलेली असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाची जागा तेलाने घेतलेली असते. असा पदार्थ गरम असताना ठीक लागतो आणि निवला की चिवट होतो. आमच्याकडे जैन आणि वारकरी घरांतून पाहुणे येतात, ते चीज शाकाहारी आहे का असे विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे, कारण चीजसाठी दूध विरजवणारे रेनेट मुळात वासराच्या जठरातून काढले जाई. आज आपल्याकडच्या नेहमीच्या चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट वापरतात. तरीही पाकिटावरची हिरवी खूण पाहून घ्यावी आणि पाहुण्यांना ती दाखवावी.

मुलांच्या वाढदिवसाला मी कच्च्या केळ्यांचे चीज बॉल करते. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बागा असताना दरवेळी बटाट्याकडेच का वळावे, हे मला कळत नाही. कच्च्या केळ्यांत पिष्ट भरपूर असते, त्यामुळे सारण बांधले जाते, आणि उपजत गोडवा नसल्यासारखाच असल्याने चीजची चव झाकली जात नाही. दीड डझन केळी सालासकट, टोके तेवढी कापून, कुकरला दोन शिट्ट्या देऊन उकडावीत आणि कोमट असतानाच सोलून किसणीवर किसावीत. गार झाल्यावर किसली तर गाठी राहतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरे, कोथिंबीर आणि मिक्सरमधून काढलेले मूठ-दोन मूठ पोहे घालून मळावे. मीठ नेहमीपेक्षा कमी घालावे, कारण आत येणारे चीज स्वतःच खारट असते.

हिशेब असा आहे. 200 ग्रॅमच्या खोक्यात 25 ग्रॅमच्या 8 क्यूब असतात. एका क्यूबचे उभे, आडवे आणि मधून असे काप दिले की 8 लहान चौकोनी तुकडे होतात, म्हणजे एका खोक्यात 64 तुकडे. वीस मुलांना प्रत्येकी तीन बॉल द्यायचे तर साठ लागतात. चार उरतात, ते तळणाऱ्याने चाखण्यासाठी ठेवावेत. मुलाच्या वाट्याला जेमतेम नऊ-दहा ग्रॅम चीज येते, पण ते नेमके मध्यभागी असल्यामुळे प्रत्येक बॉल फोडल्यावर वितळलेले चीज दिसतेच. चीज किसून सारणात मिसळले तर तेवढेच चीज कुणाला जाणवणारही नाही. सारणाची लिंबाएवढी गोळी तळहातावर दाबून वाटी करावी, तुकडा ठेवून ती सर्व बाजूंनी बंद करावी आणि भेग राहिली नाही याची बोट फिरवून खात्री करावी, कारण भेगेतून चीज तेलात उतरले की तेल तडतडते आणि बॉल पोकळ राहतो. मैद्याच्या पातळ घोळात बुडवून शिळ्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवावे आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवावे. तेल चांगले तापलेले असावे आणि एका वेळी थोडेच बॉल सोडावेत. आतले सारण आधीच शिजलेले आहे. बाहेरून सोनेरी रंग आला की लगेच काढायचे, चीज वितळायला तेवढी आच पुरते.

घरच्या रोजच्या खाण्यासाठी मात्र तळण नको. आमच्याकडे संध्याकाळी उरलेली दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी हाच पिझ्झा असतो. टोमॅटो, लसूण आणि दोन सुक्या लाल मिरच्या तेलावर परतून घट्ट आटवाव्यात, म्हणजे विकतचा सॉस लागत नाही. ही चटणी घट्टच असली पाहिजे. पातळ राहिली तर भाकरी पाणी पिऊन लिबलिबीत होते. भाकरी आधी तव्यावर खालून कडक करून घ्यावी, उलटवावी, कडक झालेल्या बाजूवर चटणी पसरावी, त्यावर निम्मे चीज, मग बारीक चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची, आणि उरलेले चीज सर्वांत वर भुरभुरावे. खालचे चीज भाजीला धरून ठेवते आणि वरचे डोळ्यांना दिसते. आता आच अगदी मंद करून झाकण ठेवावे. ओव्हनची काहीच गरज नाही, झाकणाखाली कोंडलेली वाफ वरचे चीज वितळवते. तीन-चार मिनिटांत झाकण काढावे आणि भाकरी पुन्हा कडक होईपर्यंत अर्धा मिनिट तशीच ठेवावी. एका भाकरीला एक क्यूब पुरेपूर होते.

खान्देशी माणसाला तिखटाशिवाय चैन पडत नाही आणि मुलांना ते सोसत नाही, ही घराघरांतली अडचण चीज चांगली सोडवते. मिरचीचा तिखटपणा पाण्यात नव्हे तर स्निग्धांशात विरघळतो, शिवाय दुधातले केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवते. म्हणून भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाण्यांचा ठेचा ब्रेडवर अगदी पातळ लावून, वर चीज किसून तव्यावर भाजला, की तोच ठेचा आमच्या आठ-नऊ वर्षांच्या नाती आवडीने खातात.

भरिताबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. बामणोदकडची हिरवी, पांढुरक्या रेघांची वांगी, ज्या जळगावच्या भरीत वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती काट्याकुट्यांच्या जाळावर भाजून शेतात केलेले भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी पानात असताना त्यावर चीज किसू नये. धुराचा वास, लसूण आणि कांद्याची पात यांच्यापुढे चीज नुसते तेलकट लागते आणि दोन्ही वाया जातात. शेवभाजीचेही तसेच, काळ्या मसाल्याच्या तर्रीत चीज हरवून जाते. दुसऱ्या दिवशी वाटीभर उरलेले भरीत असेल तर गोष्ट वेगळी. ते कढईत परतून कोरडे करावे, ब्रेडमध्ये भरावे आणि त्यात अर्धी क्यूब किसून टाकावी. असे सँडविच आमच्याकडे डब्यात आनंदाने नेले जाते.

मोठ्या पंगतीसाठी पांढऱ्या सॉसमधली मॅकरोनी सर्वांत सोयीची. अर्धा किलो मॅकरोनीला एक लिटर दूध, 50 ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा आणि 4 क्यूब एवढे पुरते. दूध म्हशीचे असेल तर मैदा थोडा कमी घ्यावा. सॉस दाट झाला की गॅस बंद करून, मिनिटभर थांबून मगच चीज घालावे. उकळत्या सॉसमध्ये घातले की त्यातली प्रथिने आकसून सॉस रवाळ होण्याची भीती असते.

चीज टिकवण्याचे तंत्रही याच हिशेबात येते, कारण फेकलेले चीज सर्वांत महाग. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा मोझरेला दुकानातून आणायला बर्फाच्या पिशवीसकट डबा घेऊन जावे आणि वाटेत दुसरे काम काढू नये. घरी आल्याबरोबर ते किसून, एका वेळी लागेल एवढे लहान पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकावे आणि वापरताना गोठलेलेच भाकरीवर भुरभुरावे. एकदा बर्फ सुटून मऊ झालेले पुन्हा गोठवू नये. प्रोसेस्ड चीज मात्र गोठवल्यावर भुसभुशीत होते, ते खालच्या कप्प्यात ठेवावे. किसण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवले आणि किसणीला तेलाचे बोट लावले, तर ते चिकटत नाही. चीज बॉल आदल्या रात्री वळून झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतात. ब्रेडचा चुरा मात्र सकाळी लावावा, रात्रीच लावला तर तो ओल धरतो आणि तळताना सुटतो.